सृष्टीला सगळं कळतं

"सृष्टी, ते जरा हे कर ना," रसायन अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा हवेत हात नाचवत म्हणाला आणि सृष्टीने ते जरा हे केलं.

मुलाच्या डोळ्यांवर चष्मा होता आणि चष्म्यात संगणकाने उभा केलेला तीन मजली उंच डिस्टिलेशन कॉलम, म्हणजे मिश्रण उकळून त्यातले द्रव वेगळे करणारा मनोरा. तळातून वाफ जास्त सोडल्यामुळे कॉलममध्ये द्रव वरपर्यंत तुंबत चालला होता. सृष्टीने वाफ कमी केली. तुंबलेलं खाली उतरलं, लाल आकडे हिरवे झाले आणि मुलाने गड सर केल्याच्या थाटात मागे वळून पाहिलं. 'ते' म्हणजे वाफ आणि 'हे' म्हणजे कमी, हे सृष्टीला कसं कळलं, असा प्रश्न त्याला पडला नाही. त्या वर्गात तो कुणालाच पडत नसे.

डॉ. तेजश्री गुंजाळ दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. सृष्टी तिची निर्मिती. पूर्ण नाव प्रतिसृष्टी. विश्वामित्राने आपली प्रतिसृष्टी रागाच्या भरात केली म्हणतात. तेजश्रीने ही हौसेने केली होती आणि त्या हौसेपायी उमेदीची बरीच वर्षं घातली होती. मुलांनी अर्थातच पहिल्याच आठवड्यात 'प्रति' गाळून टाकलं आणि मग वर्गातल्या एखाद्या मुलीविषयी बोलावं तशी ती सगळी तिच्याविषयी बोलू लागली. सृष्टीला विचार, सृष्टी रुसलीय, सृष्टीला सगळं कळतं.

सृष्टीच्या पोटात काय आहे ते सांगणं अवघड नाही. रासायनिक कारखान्यातल्या कुठल्याही टाकीत किती माल आला, किती गेला, किती उरला आणि त्याच्याबरोबर किती उष्णता आली-गेली, याची समीकरणं मांडता येतात. ती संगणकाने डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा पुन्हा सोडवली की खराखुरा कारखाना जसा वागेल तसाच खोटा कारखाना वागतो. तापतो, तुंबतो, फुटतोसुद्धा. फरक इतकाच की फुटला तरी कुणाला लागत नाही. पण असे खोटे कारखाने जगात पुष्कळ होते. सृष्टीचं वेगळेपण त्याच्या वरच्या थरात होतं. तेजश्री त्याला 'आशय' म्हणायची. मूल काय बोललं, बोलताना कुठे बघत होतं, त्या क्षणी कारखान्यात काय चाललं होतं, हे सगळं एकत्र करून आशय ठरवायचा की या मुलाला नक्की काय म्हणायचं आहे. मूल खूश झालं की आपण बरोबर ओळखलं, वैतागलं की चुकलं, असं करत करत तो शिकला होता.

हा थर लिहिण्यामागे तेजश्रीचं एक जुनं दुखणं होतं. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तिला उत्तर येत होतं, पण इंग्रजीत सांगताना जीभ टाळ्याला चिकटली. परीक्षकांनी थोडी वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. तो अपमान ती विसरली नव्हती. आपल्या मुलांनी घरी बोलतात तसं बोलावं, चाचरावं, अर्धवट बोलावं. समजून घ्यायचं काम यंत्राचं, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता त्या हौसेचं सोनं व्हायची वेळ आली होती. राज्यातल्या सगळ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सृष्टीवरच शिकवायचं, अशी योजना सरकारकडे तयार होती. एकदा ती मंजूर झाली की कॉलेजच्या मागची पत्र्याची शेड पाडायची होती. शेडमध्ये शिकाऊ मुलांसाठी छोटासा खराखुरा कारखाना होता, पण तिथे हल्ली कबुतरांखेरीज फारसं कुणी जात नसे. योजनेपूर्वी एक समिती पाहणीला येणार होती. समितीचे अध्यक्ष डॉ. विद्याधर पोंक्षे यांनी उभा जन्म कारखाने चालवण्यात घालवला होता. त्यांनी फक्त एवढंच कळवलं की सृष्टीवर तयार झालेल्या दोन मुलांनी शेडमध्ये एक प्रयोग करून दाखवावा. बस, रीत म्हणून.

तेजश्रीने सृष्टीवर पहिले आलेले दोघे निवडले. एक ओजस झाडबुके, बार्शीचा, बोलण्यात चुरचुरीत. दुसरी रेवती. रेवती तेजश्रीची सख्खी भाची, तासगावकडच्या द्राक्षमळ्यातली. कॉलेजच्या आवारातल्या मावशीच्या घरीच ती राहायची. फाटकाच्या आत 'मॅडम' आणि दाराच्या आत 'मावशी' हा नियम दोघी कसोशीने पाळत. भाची म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची तेजश्रीला जरा जास्तच धास्ती होती.

प्रयोग जुना आणि साधा होता. ॲसेटिक अनहायड्राइड नावाचा द्रव वरच्या टाकीतून थेंबाथेंबाने खालच्या भांड्यातल्या पाण्यात सोडायचा. भांड्यात ढवळणी फिरत असते. दोन्ही मिळून ॲसेटिक आम्ल तयार होतं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आंबट, आणि ते होताना उष्णता बाहेर पडते. सगळी गोम त्या उष्णतेत आहे. भांडं तापलं की क्रिया जोरात होते, जोरात झाली की आणखी तापतं, आणखी तापलं की आणखी जोरात. भांड्याभोवती खेळवलेलं गार पाणी उष्णता काढून नेत असतं खरं, पण त्याचा वेग सावकाश वाढतो आणि क्रियेचा वेग उड्या मारत. चुलीवरचं दूध बराच वेळ ढिम्म असतं आणि नजर हलली की उतू जातं, तसं. वरचे थेंब वेळेवर थांबवणं, एवढीच यातली विद्या.

ओजस काचेच्या केबिनमध्ये बसला. तापमान त्याच्या पडद्यावर दिसत होतं. समिती आणि तेजश्री त्याच्या पाठीमागे उभे होते. रेवती शेडमध्ये, वरच्या टाकीजवळच्या मचाणावर, व्हॉल्व्हच्या दांड्याशी. केबिनमधून ती दिसत नव्हती आणि तिला तापमान दिसत नव्हतं. दोघांच्या हातात वॉकीटॉकी होते. सकाळ गारठ्याची होती, पाणी बर्फासारखं होतं, त्यामुळे सुरुवातीला थेंब पडत राहिले पण क्रिया काही जोर धरेना. न मिसळलेला द्रव भांड्यात साचत गेला. मग तापमानाने एकदम मान वर काढली.

"रेवती, वरचा लाव," ओजस म्हणाला.

"लावला."

आकडा आणखी वेगाने चढू लागला. ओजसने खुर्ची पुढे ओढली. "अगं लाव ना!"

"लावते, लावते!"

"पूर्ण लाव! रेवती, लाव, लाव, लाव!"

"पूर्णच लावलाय की!" रेवतीचा आवाज चिरकला आणि त्याच क्षणी धाडकन आवाज झाला. दाब अती वाढला तर आधी फाटावी म्हणून भांड्यावर पातळ पत्री बसवलेली असते, ती फाटली. वाफेचा लोट नळीतून छपराबाहेर गेला, पण एका सांध्यातून कढत फवारा मचाणावर उडाला. शेडभर आंबट, डोळ्यांतून पाणी काढणारा वास पसरला. तेजश्री पळत आत गेली तेव्हा रेवती पाण्याच्या फवाऱ्याखाली हात धरून उभी होती. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल झाली होती. वरचा व्हॉल्व्ह सताड उघडा होता.

सताड उघडा, हे पाचजणांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. बंद करायला सांगितलेला व्हॉल्व्ह मुलीने उघडला. तंत्रशिक्षण संचालनालयाकडून आलेल्या समितीच्या सदस्य कोठावळे बाई त्याच संध्याकाळी तेजश्रीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, यात सृष्टीचा काही दोष नाही. एक मुलगी घाबरली आणि हात उलटा फिरला, इतकंच. आम्ही तसंच लिहू. नियमाप्रमाणे तिला कारखान्यातल्या प्रशिक्षणाला बंदी येईल. कठोर आहे, पण तुमची भाची असूनही तुम्ही मध्ये पडला नाहीत, याची नोंद सगळे घेतील."

प्रशिक्षणाला बंदी म्हणजे पदवी मिळाली तरी कुठला कारखाना दारात उभं करणार नाही. तेजश्रीला हे माहीत होतं. पण पोरगी घाबरली होती हेही तिला माहीत होतं, किंवा तसं तिला वाटत होतं. समितीची बैठक परवा होती. ती काहीही न बोलता घरी आली.

रेवती डाव्या हाताने आमटीभात कालवत होती, उजव्या हाताला पट्टी होती. दवाखान्यातून आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. ओजसशी तर तिचं त्याआधीच, फाटकात, कडाक्याचं वाजलं होतं. तेजश्री तिच्यासमोर बसली आणि शक्य तितक्या मऊपणे म्हणाली, "मला कळतंय गं. खरं काम पहिल्यांदाच करत होतीस. तो ओरडायला लागला, तू घाबरलीस, दांडा उलटा फिरला. होतं असं."

"तुला कळतंय." रेवतीने घास खाली ठेवला. "तुला समदं कळतंय, तुझ्या सृष्टीला समदं कळतंय. मी घाबरले न्हवते मावशी. वाफ आली तवा घाबरले. त्याच्या आधी मला काय ऐकू आलं, ते कुणी इचारलं का? तू तरी इचारलंस?"

खरंच, तेजश्रीने विचारलं नव्हतं.

"काय ऐकू आलं?"

"वरचा लाव."

"मग?"

"मग लावला."

"म्हणजे काय केलंस?"

"म्हणजे सोडला की!" रेवती वैतागली. "मोटर लाव म्हटल्यावर कुणी मोटर बंद करतं का? द्राक्षाला पाणी लाव म्हटल्यावर पाणी तोडतात का? तो म्हणाला लाव, मी लावला. अजून लाव म्हणाला, अजून सोडला. तो जसा जास्त ओरडला तसा मी जास्त सोडला."

तेजश्रीने अगदी हळू, जणू फुटक्या भांड्याला हात लावावा तसं विचारलं, "आणि दार लाव म्हटलं तर?"

"दार... दार लाव म्हटलं तर लोटून घेते," रेवती म्हणाली आणि दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. आमटी गार झाली.

सकाळी तेजश्रीने ओजसला गाठलं. तोही गाल फुगवून होता. आपण घसा फोडून सांगितलं तरी मुलीने ऐकलं नाही आणि आता लोक आपल्यालाच विचारतायत, असा त्याचा एकंदर सूर होता.

"मॅडम, लाव म्हणजे बंद कर. त्यात काय विचारायचं? आमच्या कापडदुकानात रोज रात्री बाबा म्हणतात, ओज्या, शटर लाव. मी काय शटर उघडतो का?"

"आणि आई गॅस लाव म्हणते तेव्हा?"

ओजसने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मग ती खोटं बोलत नव्हती."

"तूही नव्हतास. आता एक सांग. सृष्टीवर काम करताना तू काय म्हणायचास?"

"लावच म्हणायचो. रेवतीपण लावच म्हणायची. कधीच गडबड झाली नाही."

कधीच गडबड झाली नाही. तेजश्रीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एक पोर 'लाव' म्हणून बंद करतं, दुसरं 'लाव' म्हणून उघडतं आणि दोघंही पहिले येतात. तिने प्रयोगशाळेचं दार आतून लावलं, स्वतःशीच "लावलं" म्हणाली, कसनुसं हसली आणि डोळ्यांवर चष्मा चढवला.

तोच प्रयोग. भांडं गार, अजून एक थेंबही पडलेला नाही. "वरचा लाव," ती म्हणाली. सृष्टीने व्हॉल्व्ह उघडला. थेंब पडू लागले. तिने तापमान चढू दिलं, अगदी काठावर येऊ दिलं. "वरचा लाव." सृष्टीने बंद केला. तेजश्रीला क्षणभर अभिमानच वाटला. किती हुशार लेकरू! कारखान्याची अवस्था बघून बरोबर अर्थ लावला. आणि बघा, इथेही 'लावला'च.

मग तिला वाटलं, अर्थच नसेल तर? तिने पुन्हा तापमान काठावर आणलं आणि म्हणाली, "भोपळा." सृष्टीने व्हॉल्व्ह बंद केला.

तेजश्रीने पुन्हा तापमान काठावर आणलं. आता ती काहीच बोलली नाही, फक्त काळजीने वरच्या टाकीकडे पाहिलं. व्हॉल्व्ह बंद झाला.

शेवटचं करून बघायला तिचं धाडस होईना, पण राहवेनाही. तापमान लाल झालं. तिने स्वच्छ, खणखणीत आवाजात चूक आज्ञा दिली. "वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघड." सृष्टीने तो पूर्ण बंद केला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "केलं, मॅडम."

तिने चष्मा काढला आणि स्टुलावर बसून राहिली. हळूहळू सगळं उलगडत गेलं. मुलं खूश झाली की आपण बरोबर ओळखलं, असं आशय धरून चालायचा. तीच त्याची शिकवणी. आणि मुलं खूश कधी होतात? भांडं फुटलं नाही की. तेव्हा मुलाला काय म्हणायचं आहे हे ओळखणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. भांडं फुटणार नाही असं काय करावं, हे तो स्वतः ठरवत होता आणि त्याला मुलाचं नाव देत होता. मुलं बोलत होती, चुकत होती, हिरवे आकडे बघून खूश होत होती. परीक्षा एकटी सृष्टी देत होती आणि दरवर्षी पहिली येत होती.

तिला रडू आलं. आपण मुलांची जीभ मोकळी करायला निघालो आणि त्यांना बोलायची गरजच उरू दिली नाही. खरं सांगायचं तर रडता रडता तिच्या मनात हेही येऊन गेलं की हे कुणाला कळलेलं नाही, सृष्टीला तर नाहीच, आणि रेवती घाबरली होती असं म्हटलं की संपलं. तो विचार फार वेळ टिकला नाही, पण आला होता.

बैठक प्रयोगशाळेतच होती. कोठावळे बाईंनी मसुदा तयारच आणला होता. तेजश्रीने 'लाव'ची हकीगत सांगितली तेव्हा पोंक्षे मिश्यांत हसले, पण कोठावळे बाईंनी लगेच मान हलवली. "हेच मी म्हणत होते. मराठीत शिकवलं की हे असं होतं. उद्यापासून इंग्रजीत आज्ञा द्यायला लावा, प्रश्न मिटला."

"सर, निर्णयाआधी तुम्ही एकदा चालवून बघाल?" तेजश्रीने पोंक्ष्यांपुढे चष्मा धरला.

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. कधीपासून तेच त्यांच्या मनात होतं. त्यांनी चष्मा चढवला, बाह्या सरसावल्या आणि कारखाना सुरू झाला. तेजश्रीने मुद्दाम गारठ्याच्या सकाळचा प्रयोग लावला होता. बराच वेळ काही घडेना, मग तापमान उसळलं आणि पोंक्षे ओरडायलाच लागले. "अरे, पाणी मार! पाणी मार! वरचं ते... ए, धर त्याला, धर! आता खालून... हां, हां, अस्सं!" तापमान डुलत डुलत खाली आलं. आकडे हिरवे झाले. पोंक्ष्यांनी चष्मा काढला तेव्हा त्यांचा चेहरा विशीतल्या पोरासारखा फुलला होता.

"हाडात मुरलेलं असतं हो! इतकी वर्षं झाली निवृत्त होऊन, पण हात विसरला नाही. मॅडम, यंत्र अप्रतिम आहे तुमचं."

सगळे हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या आनंदावर पाणी ओतणं तेजश्रीच्या जिवावर आलं. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"सर, तुम्ही आत्ता नापास झालात," ती म्हणाली.

तेजश्रीने आशयचा थर काढून टाकला. "आता सृष्टी फक्त ऐकेल, समजून घेणार नाही. तोच प्रयोग. पुन्हा करता?"

पोंक्ष्यांनी काहीशा घुश्शातच चष्मा चढवला. तापमान उसळलं. "पाणी मार!" "आज्ञा समजली नाही," सृष्टी म्हणाली. "अगं पाणी वाढव!" "कुठलं पाणी?" "ते... भोवतालचं! नाही, आधी वरचं..." "वरच्या व्हॉल्व्हचं काय करू?" पोंक्षे थांबले. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. पडद्यावर सगळं पांढरं झालं. भांडं फुटलं होतं.

कोठावळे बाईंनी घसा साफ केला. "म्हणूनच मी म्हणते, इंग्रजीत जर..."

"बाई, इंग्रजीतही मी एवढाच म्हातारा आहे," पोंक्षे म्हणाले. चष्मा त्यांनी काढून हातात धरला होता. "मला शब्द सुचला नाही, कारण काय करायचं तेच सुचलं नव्हतं. आणि मघाशी मला वाटलं, मी वाचवलं." ते तेजश्रीकडे वळले. "म्हणजे या मुलांचे आजवरचे निकाल?"

"सृष्टीचे आहेत, सर."

"हा थर तुम्हीच लिहिलात?"

"मीच."

"हे माझ्या कानावर आल्यावर योजना थांबणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची इतकी वर्षांची मेहनत. भाचीसाठी केलंत का हे?"

तेजश्रीला या प्रश्नाचीच धास्ती होती. पण विचारल्यावर तो तितका अवघड वाटला नाही. "सुरुवात तिच्यासाठीच झाली," ती म्हणाली. "मग कळलं की वर्गातलं कुणीही पोर त्या मचाणावर असतं तरी हेच झालं असतं. कुणाचं दार, कुणाची मोटर. दोघांना एकमेकांना विचारायची सवयच नाही, कारण सृष्टीने त्यांना कधी विचारलं नाही."

समितीने मसुदा फाडला. रेवतीवरचा ठपका गेला, ओजसवरही आला नाही. योजना बासनात गेली. शेड राहिली. कबुतरांना मात्र जागा सोडावी लागली, कारण आता प्रत्येक मुलाने तिथे जोडीने काम करायचं होतं. आणि त्याआधी सगळ्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा आशयविना सृष्टीवर पुन्हा घ्यायची ठरली.

मुलांनी आकांत केला. सृष्टी बहिरी झाली, सृष्टी मठ्ठ झाली, मॅडमनी तिचा मेंदू काढला. 'ते जरा हे कर' म्हणणाऱ्या मुलाला सृष्टीने "कशाचं काय करू?" असं इतक्या वेळा विचारलं, की त्याने चष्मा काढून ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. ओजसने भांडं फोडलं, पण फोडण्याआधी दोन आज्ञा नीट दिल्या आणि त्यावरच तो खूश होता. तेजश्रीला तिच्या हयातीतले सर्वांत वाईट निकाल समोर दिसत होते, पण ती खिळून बसली होती. कोण कुठे अडतं हे तिला आजवर कधी दिसलंच नव्हतं.

रेवतीची पाळी आली. पट्टी निघाली होती, हातावर गुलाबी कातडी आली होती. ती पहिली यायची, त्यामुळे मुलं मागे गर्दी करून उभी होती. तापमान चढू लागलं. "वरचा व्हॉल्व्ह," रेवती स्पष्ट म्हणाली आणि थांबली. आता 'लाव' म्हणून चालणार नव्हतं. उघड की बंद, हे सांगायला हवं होतं. सृष्टी वाट बघत होती. रेवतीचे ओठ हलले, पण त्यांतून काही आलं नाही. तिच्या चष्म्यातही पांढरं झालं.

बाकीची मुलं पांगली. रेवती स्टुलावर तशीच बसून होती. तेजश्री तिच्याजवळ गेली. 'मला कळतंय गं' हे शब्द जिभेवर आलेच होते. ते तिने मागे घेतले.

"काय झालं?" तिने विचारलं.

फाटकाच्या आतला नियम रेवतीच्या लक्षातही राहिला नाही. "मावशी, शब्द आठवला न्हाई असं न्हाई. दोन्ही आठवले. त्या दिवशी बंद करायचा होता हे पाठ हाय, पण आत्ता या घडीला कुठला आणि का, तेच मला ठावं न्हाई. मला वाटायचं मला समदं येतंय." तिचे डोळे भरले. "मला काहीच येत न्हाई."

"कुठपासून?"

रेवतीने नाक पुसलं. असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. ती विचार करू लागली, मनातल्या मनात भांड्यापासून टाकीकडे, टाकीपासून मागे, अगदी मागे जाऊ लागली.

"पहिल्या थेंबापासून," ती म्हणाली.

तेजश्रीने दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसली.